पाय तुमचा, हात माझ्या बापाचे

अहो, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात वर्ष संपलं. आपलं वर्ष, चर्चचं. भिंतीवरचं कंपनीचं कॅलेंडर अजून लोंबतंय, पण त्याला तुम्ही वर्ष कुठे मानत होतात? तुमचं नवं वर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या शुक्रवारी सुरू व्हायचं. त्या दिवशी दाढी करून, तोंडाला पावडर लावून मला म्हणायचात, "नवं वर्ष सुखाचं जावो, बाईसाहेब." मी म्हणायची, "हळू बोला, शेजारी ऐकतील, डोकं फिरलं म्हणतील." या खेपेला मला कुणी काही म्हटलं नाही.

आपल्या मासिकाच्या संपादकांनी गावाहून कळवलंय की उपदेशकसाहेबांवर चार शब्द लिहून पाठवा. जन्म कुठला, शिक्षण किती, सेवा काय केली, हे सगळं आपल्या मंडळीतल्या सॅम्युअलरावांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलंय, ते छापून येईलच. मला तसलं जमत नाही. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, प्रार्थनेच्या पुस्तकावर बोट फिरवत फिरवत वाचायला शिकले, त्यामुळे माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. तेव्हा मी आपली तुमच्याशीच बोलते. वाचणाऱ्यांनी बाजूला बसून ऐकावं. त्यांना सवय आहे. आपल्या घरातलं तुम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलंय काय?

आठवतं ना, वाळवंटातल्या या तेलाच्या गावात, अहमदीत, नव्याने आलेल्या माणसाला आपला रविवार शुक्रवारी का, हे समजावून सांगताना तुम्हाला किती उत्साह यायचा? आठवडाभर तुम्ही मीना बंदरावरच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये व्हॉल्व्ह आणि पाइप काढून द्यायचात. सुट्टी शुक्रवारची. सकाळी गोऱ्यांची उपासना व्हायची आणि दुपारी, चहाच्या आधी, आपल्या मराठी मंडळीची. वाचक म्हणून बिशपसाहेबांचा परवाना तुमच्याकडे, म्हणून उपदेश तुमचा. दोन दिवसांनी येणाऱ्या रविवारची प्रार्थना आपण शुक्रवारीच म्हणून टाकायचो. झावळ्यांचा रविवार शुक्रवारी, त्रैक्याचा रविवार शुक्रवारी. तुम्ही म्हणायचात, सबंध वर्षात एकच शुक्रवार आपला खराखुरा शुक्रवार असतो, तो उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. ईस्टर मात्र तुम्ही अलीकडे ओढला नाहीत. तो रविवारीच, पहाटे, कामाची बस सुटायच्या आधी. गोरे पाद्रीसाहेब म्हणाले होते, सोयीसाठी पुढच्या शुक्रवारी घ्या की. तुम्ही म्हणालात, "साहेब, कबर उघडायला सुट्टी लागत नाही." पाद्रीसाहेब हसले आणि चर्चची किल्ली तुमच्या हातात दिली.

एकही सण गाळायचा नाही हा तुमचा हट्ट. उपासकाळ आला की सॅम्युअलराव कुरकुरायचे, "शांतवनराव, वाळवंटात आणून आम्हाला आणखी उपास सांगता? इथे बारा महिने उपासकाळच आहे!"

"म्हणूनच सांगतो," तुम्ही म्हणायचात. "नाहीतर तुला ईस्टर आला कधी नि गेला कधी, कळायचं नाही."

आणि प्रत्येक सणाला मी. तिथेच तर सगळं आहे.

दुसरे उपदेशक पुस्तकांतले दाखले देतात, राजांचे, संतांचे. तुम्ही माझे दिलेत. घसा साफ करून "आमच्या घरी एक बाई आहेत" म्हणालात की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. मी तिसऱ्या बाकावर पदर कपाळापर्यंत ओढून बसलेली. माझे कान असे तापायचे की त्यावर पोळी शेकावी! आगमनकाळात दहा कुमारींचा, नवरदेव येताना दिव्यातलं तेल संपल्याचा दाखला निघाला की आमच्या घरच्या बाईंच्या स्टोव्हमधलं रॉकेल ऐन पाहुण्यांच्या वेळी कसं संपलं, ते आलंच. मागी लोकांच्या सणाला, त्यांनी बाळासाठी सोनं, ऊद आणि गंधरस आणला, आणि आमच्या घरच्या बाईंनी मुंबईच्या बोटीवरून काय आणलं, तर लोणच्याची बरणी. ती जकातीच्या शेडमध्ये फुटली, पोलिसाने बोट बुडवून चाखलं आणि डोळ्यांत पाणी येऊन तो खाली बसला. "पूर्वेकडचे ज्ञानी ते आपणच," तुम्ही म्हणायचात, "फक्त आपल्याला पॅकिंग येत नाही." ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवशी, आत्मा उतरला आणि जो तो परक्या भाषेत बोलू लागला, त्यावर मी भाजीवाल्याशी अरबीत कशी भांडते त्याची नक्कल. 'नाही'ला अरबीतलं ला, ला, ला, म्हणून हात उडवायचात. मंडळी हसून बेजार. मी घरी येऊन भांडी आपटायची.

"मी काय तुमची चेष्टेची पोतडी आहे?"

"अगं, तुझ्यामुळे लोकांना शास्त्र कळतं."

"तुमच्या बहिणीमुळे कळू द्या थोडं. ती काय कमी चुका करते?"

"ती इथे कुठे आहे? बघायला मिळाल्याशिवाय मजा नाही."

ही भांडणं गोड होती, मला आता कळतं. लाज वाटायची, पण ती लाज अशी, की बाजारात कुणी ओळखून "काय वहिनी, रॉकेल भरलं का?" म्हटलं तर आतून बरंही वाटायचं. गावाकडे मला कोण ओळखत होतं?

पण त्या गुरुवारची लाज तशी नव्हती. ते लिहायचं म्हणून सकाळपासून तीनदा चहा केला.

दुःखसहनाच्या आठवड्यातला तो गुरुवार, पाय धुण्याचा. सगळे ड्युटीवरून थेट आलेले, बुटांना तेलाचा वास. तुम्ही योहानाचं शुभवर्तमान वाचलंत, प्रभू शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत. मग तुम्ही पुस्तक मिटलंत. घसा साफ केला नाहीत, म्हणून मी बेसावध राहिले.

"मी लहान होतो," तुम्ही म्हणालात. "आईबाप गेलेले, पायाला नारू झालेला. मिशनच्या दवाखान्यात मला टाकलं होतं. तिथे एक माणूस होता. पहाटे तो आजाऱ्यांचे संडासाचे डबे उचलायचा आणि मग हात धुऊन माझा पाय धुवायला यायचा. मी पाय ओढून घेतला. माळ्याचा मुलगा होतो ना मी! म्हटलं, तुझा हात नको मला. पाणी गार झालं, तेव्हा ते ओतून दुसरं ऊन पाणी घेऊन आला आणि परत माझ्यासमोर बसला. रोज बसला. पेत्राचं वाचतो तेव्हा मला माझा तो पाय दिसतो. तो माणूस पुढे माझा सासरा झाला."

तुम्ही स्वतःची लाज सांगितलीत. लोकांनी माझी ऐकली.

माना वळल्या, पण या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी रूथबाई बसल्या होत्या, सॅम्युअलरावांच्या, नाशिककडच्या, नर्सिंग शिकलेल्या. मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की माझे वडील मिशनच्या दवाखान्यात होते. त्यांनी आपल्या मनाने त्याचं कंपाउंडर केलं आणि सगळ्यांना सांगितलं. मी खोटं बोलले नाही हो. नुसती गप्प बसले. चार बायकांत बसले की कुणीतरी म्हणायचं, वहिनींना औषधांतलं कळतं, शेवटी कंपाउंडरांची लेक. आणि मी कुणाच्या पोराला खोकला झाला तर ओवा नि गूळ सांगायची. तेवढंच तर होतं माझं मोठेपण. रूथबाईंनी त्या संध्याकाळी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी हातातला रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला, बस.

घरी आलो. दार लावलं आणि मी विचारलं, "माझ्या बापाचं तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"मी माझं सांगितलं. पाय माझा होता."

"हात माझ्या बापाचे होते."

तुम्ही खुर्चीवर बसलात. बूट काढत म्हणालात, "त्या हातांची मला लाज नाही वाटत. तुला वाटते?"

याचं उत्तर मी दिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तुमच्या त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो. लाज न वाटणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही तो पाय ओढून घेतलात, पश्चात्ताप केलात, सगळं सांगून मोकळे झालात, आणि लोक म्हणाले, केवढं मोठं मन! मी कुणाचा पाय ओढला नव्हता. मी त्या हातांनी भरवलेला घास खाल्लाय. बाबा घरी यायचे तेव्हा आई त्यांना आधी अंगणात अंघोळ घालायची आणि आम्ही मुलं लांब उभी राहायचो, आणि ते आम्हाला हाक मारायचे नाहीत, आम्ही आपणहून जाईपर्यंत वाट बघायचे. हे तुम्हाला माहीत नव्हतं. हे तुमच्या उपदेशात बसलं नसतं.

उत्तम शुक्रवारी मी आले, कारण त्या दिवशी घरी बसणं म्हणजे आणखी चर्चेला विषय. ईस्टरच्या पहाटे चहा करायची पाळी माझी होती. मोठी किटली, कपबशा, आदल्या दिवशी केलेला केक. "प्रभू उठला आहे," "खरोखर उठला आहे," म्हणून सगळे एकमेकांचे हात धरत होते आणि मी टेबलामागे उभी. रूथबाईंनी पर्सशेजारची पिशवी उघडली आणि आतून थर्मास काढला. स्वतःला ओतून घेतला, सॅम्युअलरावांना दिला.

"यांना बिनसाखरेचा लागतो हो, वहिनी," त्या म्हणाल्या.

असेलही. खरंच असेल. बाकीच्यांनी माझा चहा घेतला, निदान बऱ्याच जणांनी. कोणी घेतला आणि कोणी नाही हे मी बघत होते, हेच वाईट. एकदा लाज डोळ्यांत शिरली की साधा थर्मासही माणसाला साधा दिसत नाही. त्या थर्मासबद्दल मी रूथबाईंना आजवर विचारलेलं नाही. त्या हे मासिक घेतात. वाचतील तर वाचोत.

त्यानंतर मी यायचं सोडलं. तुम्ही दर शुक्रवारी कपडे करून दाराशी थांबायचात, "येतेस?" म्हणायचात, आणि मी तांदूळ निवडत असायची. एवढे तांदूळ आपण दोघं खातो कुठे? तुम्ही कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि तुम्ही मला उपदेशातून काढून टाकलंत. ते मला हसनमियांकडून कळलं.

हसनमियां रत्नागिरीकडचा, शहरातल्या शर्कच्या मासळीबाजारातला. शुक्रवारची नमाज झाली की टोपलीत झुबेदी, म्हणजे इथलं पापलेट, भरून अहमदीला यायचा आणि आपली उपासना सुटायची वाट बघत हॉलच्या सावलीत बसायचा, कारण पापलेट म्हटलं की आपल्या लोकांना धीर धरवत नाही. तो दारात येऊन म्हणाला, "वैनी, तब्येत बरी नाय काय तुमची?"

"बरी आहे. का?"

"मग मिस्टरांची नसंल. आधी तुमची मानसं हसत बाहेर यायची, मासळीचा भाव पन करीत नव्हती. आता जांभया देत येतात आनि भाव करतात. माझा धंदा बसला, वैनी. काय ते मिटवा."

मी हसले. कितीतरी दिवसांनी. पण गेले नाही.

मी परत आले ती भर उन्हाळ्यात, त्रैक्यानंतरच्या त्या लांबलचक महिन्यांत, ज्यांत एकही सण नसतो आणि तुम्ही म्हणायचात, आता नुसतं चालत राहायचं. तुम्हाला वाटलं, मला आत्म्याने आणलं. तुम्ही डोळे पुसलेत तेही मी पाहिलं. आज खरं सांगते, मला त्या हॉलमधल्या एअरकंडिशनने आणलं. आपल्या क्वार्टरमध्ये पंखा नुसता ऊन फिरवत होता. मी शेवटच्या बाकावर बसले, गार वाऱ्याखाली, आणि तुम्ही काय बोललात ते ऐकलंही नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या शुक्रवारी त्याचाच उपदेश केला असता, म्हणून नाही सांगितलं.

नाही, केला नसता. हा अन्याय झाला माझ्याकडून. त्या गुरुवारपासून तुम्ही माझं एक अक्षर काढलं नाहीत. इतकी वर्षं! पन्नासाव्या दिवशी सगळी मंडळी माझ्या अरबीची वाट बघत बसायची, आणि तुमच्या जिभेच्या टोकावर ती आलेली मला दिसायची. तुम्ही पाण्याचा घोट घ्यायचात आणि यरुशलेमेला परत जायचात. तुमचे उपदेश कोरडे झाले, अहो. सॅम्युअलराव पेंगायचे. तुम्हाला ते दिसत होतं आणि तरी तुम्ही शब्द पाळलात, मी मागितलाही नव्हता तो. माझ्यासाठी कुणी एवढं काही सोडल्याचं मला आठवत नाही, आणि मी त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत.

फक्त वर्षातून एकदा, त्या गुरुवारी, बूट घालताना तुम्ही विचारायचात, "यंदा सांगू?"

"नाही."

"बरं."

आणि तुम्ही घंगाळाबद्दल बोलायचात, टॉवेलबद्दल बोलायचात, यहूदाचेही पाय धुतले गेले त्याबद्दल बोलायचात. बाबांबद्दल कधीच नाही.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवसांत एक मराठी नर्स तुमची नाडी बघत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच का त्या लोणच्याच्या बाई?" तिच्या मामाने ऐकला होता तो उपदेश, पहिल्या वर्षांतला. तुम्ही उशीवरून इतके खूश झालात, जसा काही पगार वाढला. मग ती गेल्यावर म्हणालात, "आगमनकाळ आलाच. दहा कुमारी येतील. स्टोव्हचं तरी सांगू का गं?"

मी म्हटलं, "आधी बरे व्हा. मग बघू."

स्टोव्हचं! ते तर हसण्यावारी न्यायचं होतं. त्याला हो म्हणायला माझ्या तोंडाला काय झालं होतं? तुम्ही "बरं" म्हणालात, त्या गुरुवारसारखंच, आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, चष्मा मागितलात, पण माझी परवानगी मागितली नाहीत.

मातीच्या वेळी पाद्रीसाहेबांनी इंग्रजीत सगळं म्हटलं. सुंदर म्हटलं असेल. हसनमियां लांब उभा होता, टोपी हातात घेऊन, आणि निघताना म्हणाला, "वैनी, आता काय बोलू?" एवढंच. मला त्याचंच बरं वाटलं.

मग आला पहिला शुक्रवार, आगमनकाळाचा. मंडळी जमली. प्रार्थना सॅम्युअलरावांनी वाचल्या. उपदेशाची वेळ झाली. वाचकाचा परवाना कुणाकडे नाही, आणि असता तरी त्या जागी उभं कोण राहणार? सॅम्युअलराव छापील उपदेशांचं पुस्तक चाळत होते. रूथबाई माझ्या कानाशी आल्या. "वहिनी, तुम्हीच दोन शब्द बोला. उपदेश नको. त्यांच्याविषयी."

मी उठले. बाकाला धरून उभी राहिले. मनात ठरवलं होतं की दहा कुमारींचं वाचायचं आणि बसायचं. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

मी सांगितलं की तुम्हाला दर शुक्रवारी दुपारी वांती व्हायची. भीतीने. जेवायचात नाही, आणि निघायच्या आधी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायचात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेर येऊन माझ्यासमोर तोंड उघडायचात, "वास येतोय का बघ." मी वेलदोडा द्यायची. सण जेवढा मोठा तेवढी भीती मोठी. ईस्टरच्या पहाटे तर दोनदा. आणि पुस्तक काखेत घेऊन पायऱ्या उतरताना म्हणायचात, "आज त्यांना कळणार, मला काही येत नाही."

मग रूथबाई म्हणाल्या, "अगोबाई, म्हणून वेलदोड्याचा वास यायचा!" आणि सगळा हॉल हसला. तुमच्या जुन्या उपदेशांना हसायचा तसा. सॅम्युअलराव हसता हसता रडायला लागले. म्हणाले, "आणि मी पेंगत होतो हो." मला चेव आला. तुम्ही नळाखाली खोकला काढायचात तो खोकलाही मी काढून दाखवला. खरं सांगू? मजा आली. समोरची तोंडं उजळतात ना, तेव्हा वाटतं, आणखी द्यावं यांना, घरात आहे नाही ते सगळं आणून द्यावं. तुम्हाला काय व्हायचं ते मला तेव्हा कळलं.

बसले आणि आठवलं, तुम्ही मला शपथ घातली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उपदेशाच्या दिवशी. "कुणाला सांगू नकोस. लोक मला धीट समजतात." मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही वर्षावर्षाला दाराशी उभं राहून विचारत होतात, आणि मी तुमची माती ओली असताना, एका दमात, लोक हसावेत म्हणून सांगून टाकलं. घरी परतताना गाडीत रूथबाई माझा हात धरून म्हणत होत्या, किती छान बोललात, पुढच्या शुक्रवारीही बोला. मी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, रडतेय.

आणि त्याहून मोठी लाज ही, की तुमचं तोंडातून निघालं आणि बाबांचं निघालं नाही. तिथेच निघायला हवं होतं. कुणी नावं ठेवली नसती. रूथबाईंनी माझा हात धरलेलाच होता. तुमची भीती सांगताना मला लोकांपुढे बोलता येतं हे कळलं, म्हणजे आता तोंड नव्हतं असंही म्हणायची सोय राहिली नाही.

वर मी बाबांचं काम लिहिलं, पण ते तुमच्या तोंडचं म्हणून लिहिलं, तुमच्या उपदेशातलं. माझ्या तोंडचं म्हणून एक वाक्य लिहायला कालपासून बसलेय. उठते, परत बसते. लाज गेली की लिहीन, असं म्हणत होते. ती काही जात नाही, तेव्हा तिच्यासकट लिहिते.

माझे वडील लहानू मिशनच्या दवाखान्यात आजाऱ्यांचे संडासाचे डबे उचलत. मी त्यांची थोरली मुलगी.

संपादकांनी यातलं काही गाळू नये. आणि तुम्ही तिथे बसून हसू नका. तुम्हाला परवानगी मी अजूनही दिलेली नाही. हे मी सांगितलंय.